कादंबरी, सहकुटुंब सहपरिवार

मी कादंबरी लिहिली, ही बातमी माझ्या घरच्यांना पोस्टमनने दिली. एके दुपारी तो परत आलेलं जाडजूड पाकीट घेऊन दारात उभा राहिला. पाकिटावर माझ्याच अक्षरात माझाच पत्ता, आत तीनशे पानं आणि प्रकाशकांची दोन ओळींची चिठ्ठी. (त्या दोन ओळींतही 'साभार' दोनदा होतं. माणसं सभ्य!)

"अहो, हे काय आहे?" सुनंदाने, म्हणजे बायकोने विचारलं.

"कादंबरी."

"कोणाची?"

"माझी."

"बरं," असं म्हणून ती भाजीखालचा गॅस बारीक करायला गेली. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. उद्या मी हॉलमध्ये अख्खी मोटारसायकल उघडून पसरली, तरी ती 'बरं'च म्हणेल.

नंतर आणखी तीन प्रकाशकांनी पाकिटं परत पाठवली. पोस्टमन तर मला बघूनच मान हलवायला लागला. आणि अचानक पुण्याहून एका प्रकाशकांचा फोन आला!

"कादंबरी बरी आहे. नीट टाइप करून, अर्पणपत्रिकेसह पुढच्या सोमवारपर्यंत पाठवा. मंगळवारच्या बैठकीत आम्ही यंदाची पुस्तकं ठरवतो."

मी खुर्चीतून उठून "हो सर" म्हणालो. चार वर्षं पहाटे उठून लिहिलं होतं. आता हे पुस्तक मला इतकं हवं होतं, की तेवढी नोकरीसुद्धा कधी हवी नव्हती.

अर्पणपत्रिकेत मी एकच ओळ लिहिली: 'सौ. सुनंदास.' आणि रविवारी जेवताना ती सगळ्यांना वाचून दाखवली. या सबंध प्रकरणात माझी चूक एवढीच!

आईने हातातला घास ताटात ठेवला. "तुझे वडील गेले, म्हणून त्यांचं नाव नाही?"

"अगं आई, ही काय लग्नपत्रिका आहे?"

"छापून चार लोकांत जाणार ना? मग वडीलधाऱ्यांची नावं आधी नकोत?"

अर्पणपत्रिकेत वडील आले. वडिलांपाठोपाठ आई आली. मग सुनंदा अगदी शांतपणे म्हणाली, "माझ्या बाबांचं नसलं तरी चालेल हं. ते कुठे काय बोलतात!" (विवाहित वाचकांना याचा अर्थ सांगायला नको.) सासरे आणि सासूबाई ताबडतोब आले. तेवढ्यात आईने बदलापूरला मामाला फोन करून ही आनंदाची बातमी कळवली. सोमवारी सकाळी मामा दारात हजर.

"भाच्या, तुजं जावळ माज्या मांडीवर काडलं, आनि बुकात माजं नाव नाय?"

"घालतो ना मामा."

"तुज्या सासऱ्याच्या वर का खाली?"

बुधवारपर्यंत यादी दोन पानांवर गेली. दोन काकांचं बोलणं बंद असल्यामुळे त्यांची नावं एका ओळीत नकोत. थोरल्या आत्याला 'गं. भा.' नको, 'श्रीमती' हवं. धाकटीला 'गं. भा.'च हवं! माझ्या कादंबरीत संप आहे, मारामारी आहे, एक फरार झालेला फोरमन आहे. पण त्यांतल्या कोणीही मला एवढं छळलं नाही.

टायपिंगला मी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या रमेशभाईंकडे गेलो. त्यांची हयात लग्नाची कार्डं छापण्यात गेलेली, पण मराठी टायपिंग एकदम साफ. त्यांनी तीनशे पानं बाजूला सारली आणि नावांची यादी प्रेमाने हातात घेतली.

"साब, टेन्शन नाय लेनेका. ये तो आपला रोजचा काम हाय. घरात छोटे बच्चे किती?"

"भावांची मिळून चार."

"नाम बोलो."

मी बोललो. मला वाटलं, माणूस आपुलकीने चौकशी करतोय!

शनिवारी संध्याकाळी पोचलो तर पाकीट चिकटवून तयार. "कुरियरवाला निकल रहा हाय, पळा साब!" मी पळालो. उघडून बघायला वेळच नव्हता.

बुधवारी पुण्याहून फोन आला.

"तुमच्या अर्पणपत्रिकेवर गणपतीचं चित्र आहे," प्रकाशक म्हणाले.

"हो?"

"त्याखाली, 'आमचे येथे श्रीकृपेकरून आमच्या चिरंजीवांची प्रथम कादंबरी करण्याचे योजिले आहे.' मग दोन पानं नावं. आणि शेवटी छोट्या अक्षरांत, 'आमच्या काकाच्या कादंबरीला नक्की यायचं हं!' खाली चार मुलांची नावं."

खोटं कशाला सांगू, रडू येत होतं. चार वर्षांच्या पहाटा त्या गणपतीच्या पायाशी विसर्जित झाल्या होत्या.

"सर, ती पानं मी काढून टाकतो," मी कसंबसं म्हणालो.

"छे छे! बैठकीत आम्ही ती तीनदा वाचली. एवढं हसणं आमच्याकडे कित्येक दिवसांत झालं नव्हतं. तुमचं पुस्तक घ्यायचं ठरलंय. अर्पणपत्रिका जशीच्या तशी ठेवू. कादंबरी मात्र निम्मी करा."

केली! (फोरमन फरार व्हायच्या आधीच पकडला गेला.) पुस्तक आलं. आईने चष्मा लावून, बोट ठेवत एकेक नाव वाचलं. वडिलांच्या नावाशी तिचं बोट थांबलं आणि तिने पदराने डोळे टिपले. मलाही भरून आलं. तेवढ्या एका क्षणासाठी तरी लिहिल्याचं सार्थक झालं, असं मला मनापासून वाटलं.

मग माझ्यातल्या लेखकाला लोभ सुटला. निदान एका माणसाने तरी पुढची पानं वाचलीत का, ते मला बघायचं होतं. पंधरा दिवसांनी बदलापूरला मामाकडे गेलो. पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं होतं.

"मामा, कशी वाटली कादंबरी?"

"येक नंबर! आख्ख्या आळीला नाव दावलं."

"आणि पुढे?"

"फुडं?" मामाने पुस्तक उघडून अंगठ्याने भराभर पानं चाळली. त्याचा चेहरा जरा उतरला.

"फुडची पानं कोरी ठेवली आसतीस, तर नातीला शाळंची वही झाली आसती. तू उगाच लिवून खराब केलीस."