दुसरी काच

बायकोचा पाय चिघळला होता. डहाणूच्या लॅबमधल्या बाईंनी सांगितलं, जंतू दोनपैकी एका जातीचे आहेत. रंग दिल्यावर भिंगाखाली दोन्ही जांभळेच दिसतात, पण औषधं वेगळी. तपासणीचा थेंब टाकला की पहिल्या जातीला बुडबुडे येतात, दुसरीला नाही.

रक्त घातलेल्या बशीत वाढवलेले जंतू त्यांनी काडीने काचेवर घेतले, वर तो थेंब सोडला. बुडबुडे आले.

"म्हणजे पहिली जात ना, मॅडम?"

"थांबा काका. काडी खालच्या रक्ताला लागली असेल. रक्तालाही बुडबुडे येतात."

ती काच त्यांनी बाजूला टाकली. नवी काडी घेऊन, श्वास रोखून, फक्त वरचा कण उचलून दुसऱ्या काचेवर ठेवला. या वेळी थेंब नितळ राहिला.

"दुसरी जात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या जातीवरच्या औषधाने पाय वाचला. बाईंचं नाव विचारायचं राहिलं. पहिली काच पाहूनच त्यांनी रिपोर्ट लिहिला असता, तरी मला काही कळलं नसतं.