शेपटाचं माप

शिंप्याच्या गळ्यात दिवसभर टेप असते. तीस वर्षांत त्यानं अर्ध्या गावाचे पाय मोजले, स्वतःचे मात्र कधीच नाहीत.

दर रविवारी सकाळी तो पाच जणांबरोबर सायकलवर कालव्यापर्यंत जातो. वीस किलोमीटर. तिथल्या टपरीवर बाकीचे चहा संपवून उठायला लागले, की हा पोचायचा. गटात त्याला ‘शेपूट’ म्हणतात. तोही ओ देतो. पण गटातले निवृत्त पोस्टमास्तर एकदा मायेनं म्हणाले, “तुम्ही पंधरा मिनिटं आधी निघत जा, म्हणजे सोबत होईल,” ते त्याला लागलं. एकट्यानं पुढे निघायचं, तर सोबत कसली? त्याला सगळ्यांबरोबर निघून, सगळ्यांबरोबर टपरीच्या बाकावर चहा प्यायचा होता.

त्यानं जोर वाढवला. सगळ्यात जड गिअर टाकायचा आणि दातओठ खात रेटायचं. पाच किलोमीटर बरे जायचे, मग गुडघे बोलायला लागायचे.

काजं-बटणं करणारी बायको त्याचं कण्हणं तीन सोमवार ऐकून होती. “अहो, मशीनवर तुमचे पाय कसे भराभर चालतात. सायकलवर काय चिखल तुडवता?”

“तिथं जोर लागतो.”

“मशीनलाही लागतो. तिथं तुम्ही हलका लावता आणि सारखा लावता.”

पटलं. पण हलक्या गिअरवर भराभर पाय मारायला गेला, तर गुडघे पोटाला लागायला आले. बायकोनं दुकानासमोर सायकल स्टँडवर लावून त्याला वर बसवलं आणि हसायलाच लागली. “हे तर तुमचं स्टूल झालं.”

खरंच होतं. सायकल घेतली त्या दिवशी त्यानं सीट मशीनपुढच्या स्टुलाइतकी ठेवली होती, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून.

तिनं त्याच्या गळ्यातली टेप काढली. जांघेपासून टाचेपर्यंत साडेतीस इंच. खाली गेलेल्या पॅडलपासून सीटपर्यंत साडेसत्तावीस.

“गिऱ्हाइकाची पँट तीन इंच आखूड शिवली असती तर?”

त्यानं सीटच्या दांड्यावर खडूनं तीन खुणा केल्या आणि दर आठवड्याला सीट एक इंच चढवली. पहिल्याच इंचाला पाय टेकायची सवय नडली आणि दारातच आडवा झाला. बुधवारी आणि शुक्रवारी दुकान उघडण्याआधी रस्त्यावर सराव: विजेचे दोन खांब जोरात, दोन सावकाश, गिअर हलका.

पाचव्या रविवारी तो टपरीवर पोचला तेव्हा चहा गाळायचा होता.

“शेपूट, वाटेत कुणाच्या टेम्पोत बसलात?” एकानं विचारलं.

पोस्टमास्तर बाकावर सरकले. शिंपी बसला, अर्धा कप प्याला आणि समोर उभ्या सायकली न्याहाळत म्हणाला, “मास्तर, तुमची सीट खाली आहे.”

“पाय टेकायला बरी पडते हो.”

“उद्या दुकानात या. आमच्या हिला माप घ्यायला सांगतो.”