ढगातला चेहरा

चौकात दूध आणायला गेले आणि कळलं, मेले ती मीच.

मालक आदल्या दिवशी दुपारी गेले होते. सुतकात बाईने असं बाहेर पडू नये म्हणतात, पण चहा सगळ्यांना हवा होता आणि उठायला कोणी तयार नव्हतं. चौकात मंडळाच्या पोरांनी रातोरात फ्लेक्स लावला होता. आमचा दोघांचा बरा फोटो एकच, पुतण्याच्या लग्नातला. तो फ्लेक्सवाल्याने मधोमध कापला. मालक खाली, हात जोडून, जिथे शोक करणारे असतात तिथे. मी वर, ढगात. माझ्या डोक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली', हनुवटीखाली समई. मालकांचं नाव होतं तळाला बारीक अक्षरात, पण नाव वाचतो कोण? समोरचा पानवाला मला बघून उभाच राहिला.

मला आधी हसू आलं. हे वाचायला मालकच हवे होते. गिरणी सुटली की ते टॉकीजबाहेर पोस्टरसमोर उभे राहायचे. मी चौथी शिकलेली, मी अक्षरं वाचायची. ते चित्र वाचायचे. ज्याचा चेहरा मोठा, त्याचा पिक्चर. दिवा विझत आलेला असला की आई जाणार. जो ढगात, तो मध्यंतराआधी मरतो. जो आपल्याकडे सरळ बघतो तो शेवटपर्यंत टिकतो, दुसरीकडे बघणाऱ्याचं काही खरं नाही. हे सगळं आत बसून मोठ्याने सांगायचे, पुढच्या रांगेतले लोक वळून शिव्या द्यायचे. एकदा ढगातला माणूस शेवटी लग्न करून नाचला. मी म्हटलं, हा तर जिवंत आहे की. "पोस्टरवाला चुकला," म्हणाले. स्वतः कधी चुकलेच नाहीत...

आमच्याकडे फोनवर कोण गेलं ते सांगत नाहीत. 'शिरेस हाय, निघा', एवढंच. माझी धाकटी बहीण कमळा तेवढ्या निरोपावर सांगोल्याहून निघाली. तिने शाळा कधी पाहिली नाही. रिक्षातून चौकात उतरली, फ्लेक्स बघितला आणि तिथूनच 'अक्का गं' म्हणून सुरू झाली. गल्लीभर माझे गुण सांगत आली. त्यातला एकही मला कधी तोंडावर सांगितला नव्हता. मी दार उघडलं, हातात दुधाचं पातेलं.

ती भिंतीला टेकली. मग माझे दंड, गाल चाचपून बघितले. "बरं झालं बाई," म्हणाली आणि हसली. हसता हसता थांबली.

"मग... दाजी कुटं हायत, अक्का?"

तोवर हे कोणाला सांगायची वेळच आली नव्हती. येणारे सगळे माहीत होऊनच येत होते. कमळाला मात्र मलाच सांगावं लागलं. "गेले," म्हटलं. तो शब्द माझ्याच तोंडून ऐकला तेव्हा मी पहिल्यांदा रडले. दोघी उंबऱ्यातच बसलो. चहा कोणालाच मिळाला नाही.

पोरांनी फ्लेक्स उतरवला, पाया पडली, नवा लावतो म्हणाली. मी नको म्हटलं. अख्खा फोटो घरात भिंतीवर आहे. त्यात मालकांनी हात पाहुण्यांना जोडलेत आणि बघताहेत माझ्याकडे. मी सरळ समोर. फोटो घरी आला त्याच दिवशी त्यांनी तो वाचला होता.

"तू टिकतीस," म्हणाले होते. "माझं काय खरं न्हाय."

मी म्हटलं होतं, गप जेवा.

या वेळी पोस्टरवाला खरंच चुकला. ते गेले. मी आहे.