बायजीच्या मांडवावरची फुलं

बायजीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते रागाने. मी डहाणूजवळच्या कैनाडच्या शाळेत शिकवत होते. वर्गामागच्या कुंपणावर मुलांनी भोपळ्याचे वेल चढवले होते. पिवळ्याधमक फुलांनी कुंपण भरून गेलं होतं, पण भोपळा एकही धरत नव्हता. एका सकाळी मुलाचा दाखला न्यायला आलेली एक बाई सरळ त्या वेलांत शिरली. तिने एक फूल खुडलं आणि त्याच्या पाकळ्या सोलून टाकल्या.

"अहो, मुलांची फुलं आहेत ती! तोडू नका."

"तोडत नाय बाई, लगीन लावते," ती मान वर न करता म्हणाली.

लांब, बारीक देठाचं फूल म्हणजे नवरा आणि बुडाशी लिंबाएवढा भोपळा असलेलं फूल म्हणजे नवरी, हे तिनेच मला दाखवलं. नवऱ्याच्या मधला पिवळा दांडा तिने नवरीच्या पोटात हलकेच फिरवला. "तुमच्याकडं माशाच येत नाय. मग कोणी तरी लावाय नको?" त्या वर्षी शाळेला चार भोपळे मिळाले आणि मला बायजी.

पुढे मी तिच्या घरी जाऊ लागले. नवरा झिपरू चिकूच्या वाडीत कामाला जायचा, घरची थोडी भातशेती होती. घरामागचं परस आमच्या वर्गाएवढं असेल, पण मी एवढी फुलं दुसऱ्या कुठल्या अंगणात पाहिली नाहीत. भेंडीचं फूल फिकट पिवळं, पोटात गडद तांबडं. वांग्याचं जांभळं, कायम खाली बघणारं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलायचं. ते उमललं की बायजी घरात हाक द्यायची, "दुधी फुलला, चहा ठेवा." घड्याळ होतं घरात, पण ते बंद होतं.

"एखादी शेवंती लाव की," मी एकदा म्हटलं.

"का? ही काय वाईट दिसतात?" ती म्हणाली.

तिचा खरा जीव भोपळ्यावर. तलासरीकडच्या माहेराहून तिच्या आईने दिलेलं बी होतं ते. भोपळा लहान, काळपट हिरवा, खोल खाचांचा, आतून शेंदरी. माहेरी आता तो कुणाकडे नाही, सगळ्यांनी बाजारचं बी धरलं. चार वर्षांपूर्वी बायजीचं राखेत ठेवलेलं बी उंदराने फस्त केलं. उरलेल्या पाच बियांतून एकच वेल जगला. त्याच्यावर धरलेले भोपळे पावसात कुजले. दसऱ्याच्या आधी, वेल वाळायला लागला असताना, शेवटची एक नवरी कळी आली. ती फळली नसती तर ते बी संपलं असतं.

ती कळी उमलली त्या दिवशी मी भेंडीचं बी मागायला बोर्डीहून, माझ्या घरून, आले होते. साडेआठ झाले असतील. बायजी पहाटेच शेतावर जाऊन नुकती परतली होती आणि भोपळ्याच्या मांडवाखाली उभी होती. नवरी उमलली होती. नवरा एकही नव्हता.

"हर्षदा!"

तिची सून बाहेर आली. लग्नाला तीन महिने झालेले, डहाणू गावात वाढलेली पोर. भोपळ्याची फुलं तिने बाजारात जुडीने पाहिलेली. "बाई येणार म्हणून फुलांची भजी करतेय. लहान भोपळा असलेलं फूल ठेवलं मी, आई. तेवढं मला कळतं."

"तेवढंच कळतं ना! रोज दोन नवरे वेलावर ठेवायचे. ही एकटी बसून काय करंल?"

हर्षदाचा चेहरा उतरला. मीही शरमले, भजी माझ्यासाठी होती. फूल दहाच्या आत मिटतं, पुन्हा उमलत नाही.

"शेजारणीकडे भोपळ्याचा वेल आहे ना?" मी विचारलं.

"त्याचा नवरा नको. बी मिसळतं. भोपळा मिळंल, पण आईचा नाय राहणार."

बायजी आत गेली. परातीत फुलं धुऊन ठेवली होती, पाकळ्या ओल्या, मधली जागा रिकामी.

"दांडे?"

"काढून टाकले. कडू लागतात, माझी आई काढते," हर्षदा म्हणाली आणि बोलता बोलताच मागच्या दाराकडे धावली.

कांद्याच्या सालींच्या ढिगावर कोंबड्या तुटून पडल्या होत्या. आम्ही तिघी तिथे उकिडव्या बसलो. "हुश्! हुश्!" करत हर्षदा एका हाताने कोंबड्या हाकत होती आणि दुसऱ्या हाताने साली उलटत होती. पहिला दांडा चुरगळलेला निघाला, दुसरा चिंब ओला. तिसरा कांद्याच्या सालीत अडकून कोरडा राहिला होता. बोट लावलं तर पिवळी पूड लागली.

"आई, हा चालंल?"

"तुझ्या हातात आलाय, तूच लाव. आता चुकलीस तर मात्र तुझंच तळण करीन."

हर्षदाने दांडा नवरीच्या पोटात हलकेच फिरवला. बायजीने तिचं मनगट धरलं नाही, फक्त वेल स्थिर धरला. लावून झाल्यावर बायजीने फुलाचं तोंड धाग्याने बांधलं, दुसऱ्या वेलाची पूड घेऊन माशी येऊ नये म्हणून. मग आम्ही भजी खाल्ली. चांगली झाली होती. बायजीने दोनदा घेतली.

आठव्या दिवशी हर्षदाचा फोन आला. "बाई, गळला नाय. पेरूएवढा झालाय."

तो भोपळा जानेवारीत फोडला. अर्धं बी बायजीने राखेत ठेवलं आणि अर्धं हर्षदाच्या पत्र्याच्या डब्यात.

आता बायजीने साठी ओलांडली आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. यंदा मांडवावर त्या भोपळ्याचे चार वेल आहेत. सकाळची पहिली फेरी तिची असते आणि ती झाल्याशिवाय घरात कुणी फूल तोडत नाही.