कॅप्सूलचं दही
परवा अँटिबायोटिकसोबत औषधवाल्यानं ती पांढरी कॅप्सूल हातावर ठेवली आणि मला रहिमतपूरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. आई गेली, तेव्हा सुतक फिटताना भावकीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं सगळं शिळंपाकं टाकलं आणि भांडी घासून उन्हात पालथी घातली. त्यातच आईचं दह्याचं गाडगंही धुतलं गेलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते कधी रिकामं होऊ दिलं नव्हतं. रोज चमचाभर मागं ठेवून त्याचंच विरजण लावायची. वडिलांचं जेवणावरचं मन तिथंच उडालं. पुढं तापाच्या औषधांनी त्यांचं पोट बिघडलं, तेव्हा डॉक्टरांनी याच कॅप्सूल दिल्या. म्हणाले, दह्यात असतात तसे जिवंत जंतू आहेत यात. मी शेजारून विरजण आणते म्हटलं, तर वडील म्हणाले, "दुसऱ्याच्या घरचं नगं." संध्याकाळी त्यांनी स्वतःच कोमट दुधात कॅप्सूल फोडली. "जित्तं हाय म्हन्त्यात न्हवं, मग लागंल की," म्हणत मिलिट्रीतल्या जुन्या स्वेटरमध्ये पातेलं गुंडाळून ठेवलं. सकाळी खरंच दही लागलं होतं, पातळ, औषधाच्या वासाचं. चमचाभर त्यांनी जिभेवर घेतलं. मग पातेलं माझ्याकडं सरकवत म्हणाले, "झालंय गं दही. पन कुनाच्याच घरचं न्हाई." परवा औषधवाला सांगत होता, "पोटातलं जे जे मरतं ना ताई, ते यानं परत येतं." मी नुसतं ‘हो’ म्हटलं.