दुसरी पिचर

सरांनी विचारलं तेव्हा मी ग्लोव्हमधली माती झाडत होते. उन्हाळ्यातली शेवटची मॅच हरून आम्ही सगळ्या जालन्याच्या मैदानावर कडुलिंबाखाली बसलो होतो. कुणी पाणी पीत होतं, कुणी नुसतंच बाटलीकडं बघत होतं. सर म्हणाले, "पुढच्या सीझनला अजून एखादी पिचर बघावी लागंल का?"

सगळ्या पोरींनी माझ्याकडं बघितलं. बघणारच, मी कॅचर. पिचर फेकते आणि कॅचर धरते, एवढाच बेसबॉल ज्याला कळतो त्यालाही हे कळेल की फेकणारीच्या हातात किती दम उरलाय ते धरणारीला सगळ्यात आधी समजतं. अडचण एकच होती. आमच्या टीमची एकुलती एक पिचर म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण, आणि ती माझ्या शेजारीच बसून बुटाची नाडी सोडत होती. प्रश्न ऐकला तशी तिची बोटं थांबली.

"विचार करून सांगते, सर," मी म्हणाले.

"पोळ्यापर्यंत सांग. पोळा झाला की मी नवीन पोरी बघायला लागतो."

हसनाबादला परत येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. राजूर मागं गेलं. मग एकदम वळून म्हणाली, "अक्का, कशाचा विचार करून राह्यली गं तू? मी काय मेले का?"

"गप बस. तोंडाला काही हाड?"

"न्हाई लागत म्हणायचं. बिलकुल न्हाई लागत. मी हाये ना!"

एवढं बोलून माझ्याच खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली. हिचं हे असंच. भांडायचं माझ्याशी आणि झोपायचंही माझ्याच अंगावर. बाहेर नांगरलेली काळी रानं सरकत होती, गाडी डुलत होती, आणि मलाही डुलकी लागली. त्या डुलकीत मला ती मचाणावर उभी असलेली दिसली.

ते मचाण खरं होतं. ज्वारी हुरड्यात आली की बाबा रानाच्या मधोमध ते बांधायचे आणि पाखरं हाकायला आम्हा दोघींना चढवायचे. माझ्या हातात गोफण नुसती गरगरायची, दगड भलतीकडंच जायचा. एकदा तर आमचाच पाण्याचा माठ फुटला आणि दिवसभर तहानेनं जीव गेला. ती मात्र हात डोक्यावरून फिरवायची, मनगट सोडायची, आणि ज्या कणसावर थवा उतरला असेल त्याच्या बरोबर वरून दगड सूं करत निघून जायचा. कणसाला धक्का नाही, पाखराला इजा नाही. थवा उठायचा, आभाळात वळायचा, पुन्हा उतरायचा. त्या दुपारी अजून माझ्या स्वप्नात येतात. स्वप्नात आवाज नसतो. कणसं हलत असतात आणि ती हात फिरवत असते, संपतच नाही ते.

शाळेत हेच सर खेळ शिकवायला आले, त्यांनी बेसबॉल आणला. हिनं पहिलाच बॉल फेकला तो त्यांनी पोटावर झेलला आणि खाली बसले. उठल्यावर आधी विचारलं, "कुणाची पोरगी गं तू?" कॅचर व्हायला कुणी तयार होईना, कारण हिचा बॉल हाताला झोंबायचा. मग मी पुढं झाले. घरी ग्लोव्ह नव्हता तेव्हा गोणपाटाची घडी हाताला गुंडाळून धरायचे. हात सुजायचा, पण आपल्या बहिणीचा बॉल दुसऱ्या कुणी धरायचा हे मला चालणारच नव्हतं.

रान रिकामं झालं की आमचं मैदान तेच. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकदा बॉल भेगेत गेला. आम्ही दोघी पालथ्या पडून आत हात घालून चाचपत राहिलो. वर ऊन पाठ भाजत होतं आणि आत बोटांना गार लागत होतं. ती म्हणाली, "अक्का, खाली पाऊस लपून बसलाय." मी म्हटलं, बस आता, बॉल काढ. पण मलाही तिथून उठावंसं वाटत नव्हतं. किती वेळ तशाच पडून होतो कोण जाणे. बॉल मिळाला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि माय बांधावरून हाका मारत होती.

तिचा बॉल ग्लोव्हमध्ये पडला की भाकरी थापल्यासारखा भरलेला आवाज यायचा. डोळे मिटून ओळखावा असा. त्या सीझनमध्ये तो आवाज पोकळ झाला. बॉल यायचा, जागेवर यायचा, पण वाजायचा नाही. मी विचारलं, "दुखतंय का गं?" ती म्हणाली, "तुझा ग्लोव्ह जुना झालाय." मी ग्लोव्हला तेल पाजलं, दोरी बदलली. आवाज काही परत आला नाही.

घरातही उलटंच चाललं होतं. हिला भाकरी थापायला आवडतं, भांड्यांचं नाव काढलं की ताप येतो. तीच म्हणायला लागली, "अक्का, तू भाकरी कर, मी भांडी घासते." माय म्हणाली, "सूर्य कुठं उगवलाय बघा गं आज!" मग एके दिवशी कंगवा घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. "येणी घाल ना." कॉलेजात जाणारी घोडी, तिची येणी घालायची! पण मी घातली. दारातून मऊ ऊन येत होतं, तिचे केस माझ्या बोटांत होते, आणि लहानपण परत आल्यासारखं वाटून मी खुळी खूश झाले. हात डोक्याच्या वर जात नाही म्हणून ती कंगवा घेऊन आली, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

त्याच दिवसांत आमच्या अंथरुणाला एक वास यायला लागला. कापूर आणि रॉकेल यांच्या मधला काहीतरी, ओळखीचा. मी गावातल्या औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर नाकात औषधंच असतात. वाटलं, माझ्याच कपड्यांना येत असेल. चादर धुतली. वास होताच.

सरांना मी अजून काही कळवलं नव्हतं. पाऊस झाला, पेरण्या झाल्या, कपाशी गुडघ्याला लागली. पोळा जवळ आला तशी ती रोज एकदा विचारायची, "सांगितलं का सरांला?" मी म्हणायचे, "सांगते." बोलायला गेलं की मला तो पोकळ आवाज ऐकू यायचा, आणि तिच्या तोंडाकडं बघितलं की बोलणं गिळावं लागायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे आखडलेले असतात. ते ऊन पाण्यानं शेकायचे, हळद आणि लोणी लावून मळायचे. गावात आता ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, पण बाबांनी आपली एक जोडी ठेवलीय, एक पांढरा आणि एक तांबडा. दिवस कलायला लागला होता, गोठ्यात पिवळा उजेड पडला होता. माय हळदीची वाटी घेऊन उभी, बहीण डाव्या हातानं तांबड्याची वेसण धरून उभी. तांबड्याच्या खांद्यावर मागं गाठ आली होती, म्हणून बाबांनी आधी जनावराच्या डॉक्टरानं दिलेलं मलम काढलं. डबी उघडली, तर आत बोट फिरवायलाही मलम नाही.

"आता आता भोकरदनहून आणल्तं ना मी? मी तर दोनदाच लावलं." बाबा तांबड्याकडं वळले. "तू चाटलं का रं?"

"हो, चाटलं," माय म्हणाली. "चाटलं आन् झाकण बी लावून ठेवलं. लई शहाणं लेकरू हाये."

मी हसायला लागले, आणि हसता हसता तो वास नाकात शिरला. डबीतून येत होता. तोच. मी बहिणीकडं बघितलं तर ती बैलाच्या पलीकडं सरकली. मी पलीकडं जाऊन तिच्या मानेपाशी नाक नेलं.

"अगं ए भवाने! बैलाचं मलम लावून राह्यली तू?"

ती वेसण धरून तशीच उभी. माझं डोकं भणकलं. "मी औषधाच्या दुकानात मरते दिवसभर. काखेत कळसा आन् गावाला वळसा! मला सांगायचं न्हाई?"

"तुझ्या दुकानातून आणलं असतं तर तुला कळलं असतं," ती म्हणाली. "तुला कळलं असतं तर तू सरांला सांगितलं असतं. तांबड्याची गाठ बसाया लागली या मलमानं, म्हणलं माझी बी बसंल." मग तिचा आवाज फुटला. "दुसरी पिचर आणली की मला कोण विचारतंय? मला फेकण्याबिगर काय येतं, अक्का?"

राग कुठं गेला कळलंच नाही. एवढे दिवस मी तिच्या हाताची काळजी करत होते, आणि ती एकटीच भीत होती.

बाबांनी लोण्यात हळद कालवली आणि वाटी माझ्या हातात दिली. "लाव." मी तिला पेंडीच्या पोत्यावर बसवलं. ओढणी बाजूला केली, खांद्याला हात लावला तर हाताला चटका बसेल एवढा तो तापला होता. हलक्या हातानं मळत राहिले. शेजारी बाबा तांबड्याचा खांदा मळत होते, मग पांढऱ्याचा. गोठ्यात बैलांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. हळदीचा वास पसरला. बहिणीचे डोळे मिटले. मला वाटलं, ही वेळ अशीच राहावी, पोळा उगवूच नये.

मळून झालं की बैलांना उद्याच्या जेवणाचं बोलावणं करतात. बाबांनी तांबड्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "आवतण घ्या, उद्या जेवाया या." पांढऱ्यालाही म्हणाले. मग पोत्याजवळ आले, जरा घुटमळले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तेच म्हणाले, "आवतण घ्या, उद्या जेवाया या." माय हसली आणि लगेच पदर डोळ्याला लावला.

बहीणही हसली, नाक ओढत. मग विचारलं, "बाबा, खांदा मळल्यावर जू कवा ठेवतेत?"

"पोळा झाल्याबिगर न्हाई. आन् गाठ आसंल तर तवाबी न्हाई."

"मंग औत?"

"दुसऱ्याचा बैल आणायचा मागून."

"आन् आपला?"

"आपला दावणीला ऱ्हातो. पेंड खातो." बाबा चिडले. "बैल मागून आणला म्हणून कुणी आपला बाजारात नेत आस्तंय का? काय बी इचारती!"

ती तांबड्याच्या गाठीवर बराच वेळ हात फिरवत बसली.

पोळ्याच्या दिवशी बैल मारुतीला जाऊन आले, पुरणपोळी खाऊन झाली. गाव पेंगत होतं. मी ओसरीवर बसून सरांना फोन लावला. "सर, ते पिचरचं..." एवढंच बोलले आणि शेजारी बसलेल्या बहिणीनं डावा हात पुढं केला. मी फोन दिला.

"सर, मी बोलून राह्यले. दोन पिचर लागतीन. दोन, सर. मला धरून न्हाई. दोन्ही नवीन." थोडा वेळ नुसतंच हूं हूं. "खांदा गेलाय माझा. कवाचाच गेल्ता." मग आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या नंबरचा शर्ट तेवढा कुणाला देऊ नका, सर."

तिनं फोन परत दिला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. मीही रडले, लाज कशाची?

जालन्याच्या डॉक्टरांनी खांद्याचा एमआरआय काढून बघितला. म्हणाले, आतलं फाटलंय, हा सीझन हात वर करायचा नाही. पुढं भरून येईल का? येईलही, नाहीही. मलमाचं कळल्यावर त्यांनी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा चष्मा लावला.

आता एक पिचर परतूरची आहे, एक जालन्यातलीच. परतूरची चांगली आहे, मान्य. रविवारी मी तिचे बॉल धरते आणि बहीण मागं उभी राहून तिला ओरडते, "मनगट सोड! दगड न्हाई तो, पाखरू हाये, सोड त्याला!" ती बिचारी घाबरून सोडते आणि बॉल छान वाजतो. मग बहीण मला हळूच विचारते, "माझ्यावानी वाजला का?" मी म्हणते, "न्हाई." हे खोटं नाही.

परवा ज्वारी काढून रान मोकळं झालं. डॉक्टरांनी हळूहळू फेकायला आता हो म्हटलंय. बहीण बॉल घेऊन आमच्या जुन्या जागेवर जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, जवळ ये. आली नाही. मी समोर ग्लोव्ह धरून बसले. ऊन उतरलं होतं, धसकटं सोनेरी दिसत होती, आणि ती तिथं तशीच दिसत होती, मचाणावरची.

तिनं फेकला. बॉल हवेत उगीच रेंगाळला, माझ्या अलीकडंच मातीत टप्पा खाल्ला आणि कसाबसा उडाला. मी पुढं झेपावून टप्प्यावरच धरला.

"पोचला!" मी ओरडले.

"खोटारडी," ती म्हणाली, आणि दुसरा फेकायला बॉल परत मागितला.