बुधवारच्या बैठकीचं इतिवृत्त

नोकरीला लागलो तेव्हा आम्ही पाच जण नवे होतो आणि शिकवायला एकच मॅडम. तारनाक्याच्या त्या ऑफिसातून आम्ही लोकांना फोन करून कळवायचो, की तुमचा विम्याचा दावा नामंजूर झालाय. दर बुधवारी चहाच्या वेळी मॅडम पाचही जणांना एकत्र घेऊन बसत. अडचण असेल ती सगळ्यांसमोर सांगायची.

मला हे फार पटलं. आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील सभांमधून आणत, मी मोठ्याने वाचून दाखवत असे. एकाला कळलेलं सगळ्यांना कळलं पाहिजे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. म्हणून बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम मी मागून घेतलं. कोणी काय विचारलं, मॅडम काय म्हणाल्या, सगळं नावानिशी एका पानात. ते पान मी पाण्याच्या कूलरशेजारी फलकावर लावायचे.

"एवढं लिहून काय करतीस गं? इलेक्शनला उभी राहतीस का?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण विचारायची. ती मलकपेठहून यायची.

एका बुधवारी तिनेच विचारलं, "मॅडम, समोरचा माणूस रडायला लागला तर काय करायचं? मी घाबरून फोन ठेवून देते."

मॅडम म्हणाल्या, "आपण ठेवायचा नाही. गप्प राहायचं. ते शांत झाले की कारण पुन्हा सांगायचं, आणि तक्रार कुठे करता येते तेही."

त्या आठवड्यापासून आम्ही पाचही जण तसंच करू लागलो. त्याआधी मीही दोनदा फोन ठेवला होता. बैठकीत मात्र मी ते सांगितलं नव्हतं.

सहा महिन्यांनी आम्हा चौघांना कायम केलं. मैत्रिणीची उमेदवारीची मुदत तीन महिने वाढवली. फोन ठेवते असं तिनेच कबूल केलंय, हे कारण.

कोणाला कायम करायचं ते ठरवणाऱ्या साहेबांकडे मी गेले. टेबलावर माझंच पान होतं.

"सर, फोन मीही ठेवलाय."

"यात तर तसं नाही," पान माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. "लिहिता मात्र छान तुम्ही."

ती जिन्यात भेटली. "तुझं झालं ना कायम? मग नक्को आता भांडू कुणाशी. बाकीची पानं तेवढी काढ."

मी काढली. पुढच्या बुधवारी वही नेली नाही. माझे ते दोन फोन सगळ्यांसमोर सांगितले. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं.

"माझं सगळं ठीक आहे, मॅडम."

त्यानंतर तिला काही विचारायचं असलं की ती मॅडमना जिन्यात गाठायची. तीन महिन्यांनी तीही कायम झाली. आता अवघड फोन करायचा असला की साहेब तो तिच्याकडेच देतात. शेजारी बसून मला तिच्या बाजूचं बोलणं तेवढं ऐकू येतं. मध्येच ती बराच वेळ गप्प होते, मग अगदी हळू काहीतरी विचारते, आणि समोरचा माणूस बोलू लागतो. काय विचारते, ते मॅडमनी तिला जिन्यात सांगितलंय. आम्हा चौघांना ते माहीत नाही.